बरणीतले दोन अंश

आमच्या दाजींनी सुरतेत गोडादऱ्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत सूर्य बरणीत भरायला घेतला होता. यात मी वाढवून सांगत नाहीये. त्या खोलीत वाढायला जागाच नव्हती.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. जरीच्या कारखान्यात तारेला सोन्याचा मुलामा चढवायचे. पाण्यात वीज सोडणं हे त्यांचं रोजचंच काम. त्यांनी मोबाइलवर कुठंतरी पाहिलं, की पॅलेडियम धातूचा तुकडा जड पाण्यात बुडवून वीज सोडली तर अणू सूर्यातल्यासारखे, पण थंडपणे, एकमेकांत मिसळतात आणि दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता निघते. झालं! दोन बरण्या मांडल्या. एकीत जड पाणी, दुसरीत साधं, वीज दोन्हींना सारखी. जड पाण्याची बरणी जास्त तापली की जग जिंकलं.

मी कापडाच्या लूमवर रातपाळीला, दिवसा घरी. म्हणून थर्मामीटर बघून वहीत आकडे लिहायचं काम माझ्याकडे. जड पाण्याची बरणी रोज दोन अंशांनी पुढे! गल्लीत मी सांगितलं, तांब्याभर पाण्यावर अख्ख्या सुरतचे लूम चालतील. कामरेजला गेलो तेव्हा त्यात बारडोलीचा साखर कारखानाही घातला.

"भाऊ, तुना तोंडले कुलूप लाव," बहीण म्हणायची.

मग एका सकाळी चहा पिता पिता दाजी म्हणाले, "शेठला काल सांगून टाकलं. आता कामावर येणार नाही."

बहिणीच्या हातातली बशी हातातच राहिली. "आणि खायचं काय?"

"वही बघ. एकही दिवस आकडा चुकलेला नाही. विचार तुझ्या भावाला."

आमच्या लूमखात्यात कापडाचे मीटर लिहिताना कारागीर दोन वाढवून लिहितो, कारण हिशेब तपासणारा मास्टर दोन कापतोच. तो कापणार म्हणून आम्ही वाढवतो, आम्ही वाढवणार म्हणून तो कापतो. यात खोटं कुणालाच वाटत नाही. मीही जड पाण्याला दोन चढवत आलो. साध्या पाण्याला काय चढवायचं?

"दाजी, तुम्ही दोन कापत होता ना?"

"कशातले?"

सांगावं लागलं. त्यांनी दोन्ही बरण्यांना हात लावून पाहिला. मग अगदी हळू म्हणाले, "एखाद्या दिवशी वाढवायला विसरला असशील, मेव्हण्या. एखादा दिवस तरी खरा असेल."

जन्मभर गावाला थापा मारल्या. त्या वेळी एकच मारली असती, तर माणूस सुखानं जेवला असता.

"नाही दाजी. रोज वाढवले."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि ते पहिल्या पानापासून एकेका आकड्यातून दोन वजा करायला बसले. बहिणीनं त्यांचा शर्ट खुंटीवरून काढला.

"आत्ताच जा. शेठनी अजून दुसरा माणूस ठेवला नसेल."

"एवढं पान होऊ दे," दाजी म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.