खिंडीत मागितलेलं पाणी

श्रावणातल्या एका सकाळी मी आणि माझा नवरा हमरापूरहून कोलाडला गणपती पोचवायला टेम्पोने निघालो होतो. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मी करते. वाटेत कुठे रंग उडाला तर तिथल्या तिथे हात फिरवायला तो मला बरोबर नेतो.

कासूचे खड्डे चुकवत, नागोठणं मागे टाकून आम्ही सुकेळी खिंड चढायला लागलो. एका बाजूचं काम चालू होतं, म्हणून दोन्हीकडच्या गाड्या उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर. एका वळणावर आमच्या पुढचा खडीचा ट्रक समोरच्या बसला जागा द्यायला कडेला सरला. पावसाने भराव भुसभुशीत झालेला. ट्रक डोंगराकडच्या चरात कलंडला आणि दरडीवर आपटला.

आम्ही धावलो. केबिन चेपली होती. ड्रायव्हर चाळिशीचा असेल, कमरेपासून खाली अडकलेला. नवऱ्याने आणि बसमधल्या चौघांनी पहार घालून दरवाजा ओढला, पण तो हलेना.

"ताई, पानी द्या," तो मला म्हणाला.

बाटली माझ्या हातातच होती. नवऱ्याने माझं मनगट धरलं. "नको. पोटाला मार हाय. ऑपरेशन लागलं तर?"

मी रुमाल भिजवून त्याचं तोंड पुसलं. त्याने रुमालाकडे ओठ नेले, तशी मी हात मागे घेतला.

अँब्युलन्स खिंडीच्या पायथ्याशी गाड्यांत अडकल्याचं एका मोटरसायकलवाल्याने सांगितलं. तेवढ्यात ड्रायव्हरच्या खिशातला फोन वाजला. नवऱ्याने तो काढून माझ्याकडे दिला. "बायको हाय त्याची. तू बोल."

ती निडीहून बोलत होती. दुपारी जेवायला येणार का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, "अपघात झालाय. बोलतायत ते. तुम्ही नागोठण्याच्या दवाखान्यात या." तेव्हा तो खरंच बोलत होता. आणखी दोनदा त्याने पाणी मागितलं. मग मागायचा थांबला. क्रेन आली तोवर सगळं संपलं होतं.

बाराव्याला आम्ही निडीला गेलो. जाऊ नये असं नवऱ्याचं म्हणणं होतं, पण फोनवर मी बोलले होते. त्याची बायको पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला जवळ बसवलं आणि विचारलं, "पानी मागलान का गो त्यानं?"

"व्हय."

"दिलंस?"

"दिलं. दोन घोट."

ती उठून दारात गेली आणि आत झोपलेल्या सासूला म्हणाली, "पानी दिलं गो आये त्याला. ही बाय होती तिथं."

आतून म्हातारीचं रडणं ऐकू आलं. त्या दिवसापासून ती रडलीच नव्हती, असं शेजारीण म्हणाली.

परत येताना नवरा म्हणाला, "खोटं कशाला बोललीस?" मी विचारलं, "तू काय सांगितलं असतंस?"

पुढे पेणला एका डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, पाणी दिलं नाहीत ते बरोबरच केलंत. मला ते पटतं. तरी त्याचे ओठ रुमालाकडे आले होते आणि मी हात ओढून घेतला, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.