घराचे कागद बघताना

मी बीदरला वकिली करते. कोर्टात कमी, दोन-तीन बँकांसाठी घराचे कागद तपासण्यात जास्त. कुणी घरासाठी कर्ज मागितलं की बँक फाइल माझ्याकडे धाडते. घर आधी कुणाचं होतं, आताच्या मालकाकडे कसं आलं, त्यावर बोजा आहे का, हे बघून मी अभिप्राय देते. फाइल परत जाते. समोर बसून माणसं जे बोलतात ते मात्र माझ्याकडेच राहतं. दुपारी आम्ही वकील डबे घेऊन बसलो की त्यातलंच काहीतरी निघतं.

*

सगळ्यात जास्त विचारतात ते ओरिजिनल कागदांबद्दल. मुलाच्या कर्जासाठी आलेल्या एका अक्कांनी विचारलं, "बँक आमचे कागद कामून ठिवून घ्यायलीय?"

"तारण म्हणून. कर्ज फिटलं की परत देतात. घर तुमचंच."

"घरपट्टी कुणी भरायची?"

"तुम्ही."

"अन् पावसात गळायलं तर?"

"तेही तुम्हीच बघायचं."

अक्का मुलाकडे वळल्या. "मंग बरोबर हाय. घर आपलंच हाय."

*

चिटगुप्प्याचे अण्णाराव किराणा दुकान चालवतात. त्यांच्या घराचा नकाशा मंजूर झाला पश्चिमेच्या दाराचा. बांधताना कुणीतरी वास्तू सांगितली आणि दार गेलं पूर्वेला. बँकेचा इंजिनिअर बघायला आला आणि म्हणाला, नकाशात आहे तिथं दार पाहिजे, नाहीतर कर्जाचा शेवटचा हप्ता सुटणार नाही.

पूर्वेचं दार बुजवायला त्यांची बायको तयार होईना. शेवटी अण्णारावांनी पश्चिमेलाही एक दार पाडलं. कर्ज पूर्ण मिळालं.

वास्तुशांतीला मी गेले. पूर्वेच्या दारात चप्पल काढतच होते, तेवढ्यात त्यांची बायको बाहेर आली. शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमी बँकेकडच्या. तुमचं दार मागं हाय."

*

आमच्याकडे निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात. बँकेला त्यांचं भाषांतर लागतं. त्यासाठी आम्ही जुन्या शहरातल्या एका रिटायर्ड कारकुनाकडे जातो. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

शिवराज नावाचा एक तरुण पणजोबांच्या वेळचा कागद घेऊन माझ्याबरोबर आला. चाचांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "वाह, क्या साफ खत है."

शिवराजला वाटलं, खत म्हणजे खरेदीखत. त्यानं लगेच घरी फोन लावला, "कागद क्लिअर हाय, काळजी करू नका." खाली जाऊन पेढेही आणले. चाचांनी एक पेढा खाल्ला, चष्मा पुसला आणि मग वाचायला घेतलं. ते रहनखत निघालं. पणजोबांनी घर गहाण ठेवलं होतं.

शिवराजचा चेहरा उतरला. "चाचा, तुमीच तर खत साफ हाय म्हणलात."

"हौ मियाँ, खत बोले तो लिखाई. देखो तो, मोती जैसी है."

गहाण सुटल्याचा कागद पुढं शिवराजच्या चुलत्याकडे मिळाला आणि कर्ज झालं. त्या दिवशी मात्र उरलेले पेढे तो चाचांकडेच विसरून गेला.

*

मादन हिप्परग्याच्या बाबुरावांना वडिलांच्या घरावर कर्ज पाहिजे होतं. घरात बहिणीचाही हिस्सा होता, म्हणून बँकेनं तिचं हक्कसोडपत्र मागितलं. बहीण शांताबाई. तिला सासरहून गाडीत बसवून रजिस्ट्रार ऑफिसला आणलं. वाटेत नवं लुगडं झालं, चहा झाला.

रजिस्ट्रार साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "अक्का, कुणाची जबरदस्ती न्हाई ना? खुशीनं सही करायलात ना?"

शांताबाईनं नव्या लुगड्याचा पदर सावरला. मग म्हणाली, "साहेब, माझी खुशी इचारणारे तुमीच पयले."

बाबुराव खिडकीकडे बघू लागले. साहेबांनी कागद बाजूला सरकवला. म्हणाले, "बाहेर बसा. इचार करून या."

ती बाहेर बाकावर बसली, पाणी प्याली, परत आली आणि सही केली. येताना बाबुराव ड्रायव्हरशेजारी बसून आले होते. जाताना ते मागं, तिच्याजवळ बसले.

*

गौतम सर रिटायर्ड शिक्षक. घराण्यानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा ते लहान होते. बीदरच्या दवाखान्यात नर्स असलेल्या त्यांच्या लेकीला त्यांच्याच जागेवर घर बांधायचं होतं. जागा सरांच्या वडिलांनी घेतलेली. जुन्या खरेदीखतात गावच्या लिहिणाऱ्यानं वडिलांचं नाव धोंड्या घातलेलं, नंतरच्या सगळ्या कागदांत धोंडीराम. बँक म्हणाली, दोन्ही नावं एकाच माणसाची, असं मुलाचं ॲफिडेव्हिट द्या.

मी ते टाइप करून ठेवलं. सरांनी दोनदा वाचलं आणि टेबलावर ठेवून दिलं. "मॅडम, हे मला जमणार न्हाई."

मी सांगितलं, याच्याशिवाय फाइल पुढं जात नाही.

लेक हळूच म्हणाली, "अप्पा, नुसतं नाव तर हाय."

सरांनी कागद परत जवळ ओढला. मग पेन मागितलं आणि वळणदार अक्षरात सही केली.

कागद नोटरीसमोर गेला. नोटरीनं शिक्का उचलत विचारलं, "तर धोंड्या आणि धोंडीराम, माणूस एकच. बरोबर?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"कागदापुरतं, व्हय. धोंड्या गावाचा होता. धोंडीराम माझे वडील."