लाखेने दुरुस्त केलेला चिमटा

नागपूरहून आमच्या शाळेला शास्त्राच्या सामानाची पेटी आली तेव्हा बुलढाण्याच्या त्या शाळेत शास्त्र शिकवणारा मी एकटाच होतो, आणि ही गोष्ट शास्त्राच्या हिताची नव्हती. पेटीत तारेचा एक चिमटा निघाला. त्याच्या दोन्ही टोकांना बटणाएवढ्या काळपट हिरव्या स्फटिकाच्या चकत्या. सोबतच्या कागदात लिहिलं होतं, की चष्म्याचं भिंग या दोन चकत्यांच्या मध्ये धरून उजेडाकडे पाहावं. भिंग पेबलचं, म्हणजे खऱ्या स्फटिकाचं असेल तर उजेड दिसतो, साधी काच असेल तर अंधार. इतकं वाचून मी कागदाची घडी घातली. खाली अजून मजकूर होता. पण मी पदवीधर होतो ना!

चिमटा डोळ्याला लावला तर मिट्ट काळोख. मध्ये भिंग नाही, काही नाही, तरी काळोख. म्हटलं, गाडीच्या धक्क्यांनी बिघडला. धोतराच्या सोग्याने पुसला, फुंकर मारली, एक चकती गोल फिरवत गेलो. पाव फेरा झाला आणि छान हिरवट उजेड आला. पुन्हा बिघडू नये म्हणून मी टपालाची लाख वितळवली आणि चकती तिथल्या तिथे पक्की करून टाकली. सरकारी वस्तू दुरुस्त केली याचा इतका आनंद झाला, की सुटीत नांदुऱ्याला मामाकडे जाताना चिमटा खिशात घालूनच निघालो.

मामा धान्याचा आडत्या. त्याने बाजारात बसणाऱ्या एका चाचाकडून पेबलचा चष्मा घेतला होता. हा चाचा तीस वर्षं लोखंडी पेटी घेऊन आसपासचे बाजार करायचा. त्याची पेबलची परीक्षा एकच, भिंगाला जीभ लावायची. "पेबल गारच्या गार राह्यते, काच लगेच कोमट होते," म्हणायचा. अख्खा तालुका त्याच्या जिभेवर विश्वास ठेवून चष्मे घेत होता.

मला हसू आवरेना. "मामा, विसाव्या शतकात चष्मे चाटून घेता?"

"मंग कशानं घ्यावं बे? दातानं?"

बाजाराचा दिवस होता. मी मामाला घेऊन चाचाच्या पेटीपुढे गेलो, चिमटा काढला आणि वर्गात बोलतो त्याच आवाजात व्याख्यान सुरू केलं. माणसं जमली. आधी माझा स्वतःचा चष्मा चिमट्यात धरला. लख्ख उजेड! "अस्सल पेबल," मी म्हणालो. मग मामाचा धरला. उजेड मंदावला, कळकट पिवळा पडला. चाचाच्या पेटीतले दोन धरले, तेही तसेच.

"काच," मी जाहीर केलं. "सगळी काच."

चाचाने एक भिंग जिभेला लावलं, गालाला लावलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या जिभेलाच खोटी म्हणालो होतो. तसं पाहिलं तर मी म्हणालोही तेच होतो.

तासाभरात चार जण चष्मे परत घेऊन आले. एक म्हातारा तर बिनचष्म्याचा परत जाताना केळीवालीच्या टोपलीत पडला. दुपारी चाचाने पेटी मिटली, डोक्यावर घेतली आणि सरळ मामाच्या दुकानात आला.

"मास्तर, माहं दुकान म्हणजे माहा शब्द. तो गेला तर या पेटीत नुसत्या काड्या. आता कोन्या बाजारात बसू मी?"

मामा म्हणाला, "चाचा, पोरगं शिकेल आहे. त्याचं यंत्र खोटं कसं बोलीन?"

"मले दाखवा ते यंत्र."

मी दिलं. त्याने चिमटा उलटापालटा केला, चकतीवर नख फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे फिरायची वस्तू दिसते. लाख लावून जाम कोनं केली?"

"दुरुस्ती केली मी."

"दुरुस्ती!" चाचाने पेटीतून बारीक पेचकस काढला. आयुष्यभर चष्म्यांच्या काड्या नीट करणारा माणूस तो, अडकलेली वस्तू त्याला बघवेना. लाख खरवडली, चकती पाव फेरा फिरवली. "घ्या. अंधार झाला." मग त्या अंधारात त्याने मामाचं भिंग सरकवलं आणि चिमटा माझ्या डोळ्यापुढे धरला.

भिंग उजळलं होतं.

त्याने माझ्या नाकावरचा चष्मा काढून मध्ये धरला. काळोख तसाच राहिला.

आता खरं सांगतो, कॉलेजात शिकलेलं मला तेव्हा आठवलं, पण तिथे त्या काळोखाचा अर्थ माझ्याशिवाय कोणालाच कळणार नव्हता. 'यंत्र बिघडलं,' असं म्हणून मी संध्याकाळच्या मोटारीने बुलढाणा गाठू शकलो असतो. तसा विचार आला, मोटारीची वेळही आठवली. पण चाचा पेटीच्या कडीला धरून माझ्या तोंडाकडे पाहत उभा होता.

"चाचा, तुमचा माल खरा आहे," मी म्हणालो. "काच माझीच आहे."

"काऊन?" मामा ओरडला. "घडीभर आधी उलटं सांगत होता ना बे!"

मग मी समजावलं. उजेडाच्या लाटा ज्वारीच्या धांड्यांसारख्या, काही उभी, काही आडवी, काही तिरपी. पहिली चकती म्हणजे उभ्या गजांचं फाटक, त्यातून फक्त उभी धांडी पार होतात. दुसरी चकती आडव्या गजांची ठेवली की ती उभी धांडी तिथे अडतात आणि अंधार होतो. हा अंधार आधी पाहिजे. खरा पेबल मध्ये आला की धांड्याला पीळ देतो, त्यामुळे थोडी धांडी दुसऱ्या फाटकातून निसटतात. काच पीळ देत नाही.

"आन् तू?"

"मी दोन्ही फाटकं उभीच ठेवून लाखेनं बंद केली. त्यात काच सरळ पार झाली आणि पेबलचा पीळ अडकला."

"म्हणजे काच बिचारी सरळ," मामा म्हणाला, "आन् तू काचेहून सरळ."

चाचा हसला नाही. "मास्तर, इथं चार भिंतीत सांगून काय फायदा? बाजार उठला नाही अजून."

बाजारात जाऊन मी दवंडी दिल्यासारखं ओरडलो, की चिमटा चुकला, चाचा खरा. चार जणांना चष्मे परत घ्या म्हणालो. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

केळीच्या टोपलीत पडलेला म्हातारा म्हणाला, "सकाळी तुहा चिमटा खरा होता, आता खोटा. उद्या पुन्हा खरा होईन. आमी नाही मानत चिमट्याले."

"मग कशाला मानाल, बाबा?"

"जीभ लाव."

चाचाने चार चष्मे माझ्यापुढे धरले. मी पदवीधर, बुलढाण्याचा शास्त्राचा मास्तर, भर बाजारात एकेक भिंग चाटत गेलो आणि प्रत्येकाला "गार!" म्हणून ओरडत गेलो. लोकांनी चष्मे घेतले. चाचाने पेटी पुन्हा उघडली, अंगोछा झटकून पसरला आणि तिथेच बसला. मी निघताना म्हणाला, "मास्तर, पुढच्या बाजारी या. तुमच्या जिभेचं चांगलं चालून राह्यलं."

चौघांचे चष्मे तसे स्वच्छ होते. पाचवा मामाने स्वतःहून पुढे केला होता, "माहाही पाह्य," म्हणून. त्याला तंबाखूची चव होती.