बाहेर बोलायचे दात

माणूस जातो आणि दात उरतात. हाडांची माती होते, भांडी फुटतात, राजवाडे कुणाचे होते ते विसरलं जातं. पण हजारो वर्षांनी जमीन खणणाऱ्यांच्या हाती काही लागलंच तर दात लागतात. त्यांवरून ते माणसाचं वय, आहार आणि आजार सांगतात. मनुष्यजातीनं मागे ठेवलेला सर्वांत टिकाऊ पुरावा म्हणजे दात.

केंद्र सरकारच्या नोकरीत हयात घालवलेल्यांना हा नियम लागू नसावा. माझ्या वडिलांचे दात निवृत्तीच्या सुमारास हलायला लागले आणि त्यांच्या आधी निघून गेले. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो तेव्हा दातदुखीवर आधी लवंग असे, मग आणखी एक लवंग, आणि मग दवाखाना. दवाखान्यात दात काढत. दाताचं दुसरं काही करता येतं हे आमच्या ऐकिवात नव्हतं. ती कल्पना देशात आली ती केबल टीव्ही आणि हप्त्यांवरच्या गाड्यांबरोबर.

क्वार्टर सोडावं लागल्यावर आईवडील माझ्याकडे गुडगावला आले. मी तिथे एका खाजगी कंपनीत होतो आणि कंपनीच्या जवळच एक फ्लॅट घेतला होता. आमच्या इमारतीला इटलीतल्या कुठल्यातरी टेकडीचं नाव होतं. आसपास टेकडी नव्हती, रस्ताही अजून व्हायचा होता. मोहरीचं शेत होतं आणि शेतात पुढे होणाऱ्या मॉलचा बोर्ड.

आईची नजर तोवर मधोमध गेली होती. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. समोर उभ्या माणसाचे तिला कान दिसायचे, चेहरा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यावर इलाज नाही असं स्वच्छ सांगितलं होतं. त्यामुळे माणसं ती आवाजावरून ओळखे, आणि पेपर वडील वाचून दाखवत.

हा पेपर म्हणजे मुंबईहून एक दिवस शिळा होऊन येणारा मराठी पेपर. दुपारची जेवणं झाली की आई पलंगावर भिंतीला टेकून बसे, वडील खुर्ची ओढून घेत आणि पहिल्या पानापासून सुरुवात करत. पहिलं पान ती सोसायची. तिचा जीव आतल्या पानांवर, जिथे नगरपालिका असत. पुण्यात पाणीकपात होणार असल्याची बातमी ऐकून ती गुडगावात बादल्या भरून ठेवायला सांगे. वडील ऑफिसात फायलींवर शेरे मारण्यापलीकडे फार बोलत नसावेत, पण ही तासाभराची बैठक ते एखाद्या गवयासारखी करत. गटाराच्या बातमीतही कुठे थांबायचं आणि कुठे आवाज खाली आणायचा हे त्यांना कळे. दोघांचं दिवसभरातलं बोलणं म्हटलं तर एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झालेल्यांना पुरेसं असतं.

मग वरचे पुढचे दात गेले, त्यांच्यामागून खालचे गेले, आणि अक्षरांतून हवा गळायला लागली. वडिलांनी वाचणं थांबवलं. मी वाचून बघितलं. मी दिल्लीत वाढलेला. मराठी मनात नीट वाचतो, मोठ्यानं वाचताना ‘जवळ’चं ‘जवल’ होतं. आईनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तू बातमी सांगतोयस की पत्ता विचारतोयस, तेच कळत नाही रे.”

तेव्हा कुठे आम्ही दातांच्या क्लिनिकमध्ये गेलो.

क्लिनिक एका काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. आत शिरताच भिंतीवरून पाणी वाहत होतं. आमच्या फ्लॅटमध्ये टँकरनं पाणी येत होतं, त्यामुळे वडील त्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले. काउंटरवरच्या मुलीनं आम्हाला पेशंट म्हटलं नाही, गेस्ट म्हटलं. आत एक यंत्र वडिलांच्या डोक्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालून आलं आणि पडद्यावर त्यांचा जबडा या कानापासून त्या कानापर्यंत उलगडून पसरला. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, परदेशात शिकून आलेला. मूळ गाव पानिपत, असं त्यानं आपणहून सांगितलं. वडिलांनी ते मराठी माणूस जसं ऐकेल तसं ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

त्यानं सगळं समजावून सांगितलं. खालच्या जबड्यात हाडात दोन टायटॅनियमचे स्क्रू बसवायचे, काही महिन्यांत हाड त्यांना धरून ठेवतं, मग त्यांवर बटणं येतात आणि बटणांवर कवळी खटकन बसते. जुन्या कवळीसारखी जिभेबरोबर फिरत नाही. वरच्या जबड्याला टाळूवर घट्ट बसणारी साधी कवळी. हे सगळं खरं होतं. पुढेही त्यातलं काही खोटं ठरलं नाही. त्यानं वडिलांचा फोटो काढून संगणकावर त्यात नवे दात बसवून दाखवले. पडद्यावर एक प्रसन्न माणूस हसत होता. वडिलांनी त्याला ओळखलं नाही, पण सभ्यपणे मान हलवली.

आता सफरचंद खाता येईल, भुट्टा खाता येईल, लग्नात हसता येईल, असं डॉक्टर सांगत गेला. वडिलांनी मधेच हिंदीत विचारलं, “पढ़ सकूँगा ना?”

डॉक्टरनं प्रेमानं सांगितलं, “अंकल, आँखों वाले डॉक्टर नीचे की मंज़िल पर बैठते हैं।”

वडिलांनी ‘अच्छा’ म्हणून मान मागे टेकवली. त्या खुर्चीचा गुणच तसा होता. ती हळूहळू मागे कलत जाई, पाय डोक्याच्या पातळीला येत, आणि त्या अवस्थेत माणसाला आपल्या आयुष्यात आपलं काही मत होतं का याचीच शंका येते. मी बाजूच्या स्टुलावर त्यांचा चष्मा धरून बसलो होतो. चष्मा नसल्यामुळे त्यांना पडदा दिसत नव्हता आणि चष्मा हातात असल्यामुळे मी काहीतरी करतो आहे असं मला वाटत होतं.

स्क्रू बसले, महिने गेले, मापं झाली. मग तो दिवस आला ज्याच्यावर सगळं अवलंबून होतं, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. पक्के दात करण्याआधी ते मेणात बसवून बघतात. मेणात आहेत तोवर दात पुढे-मागे करता येतात. एकदा पक्के झाले की झाले. म्हणून डॉक्टरनं ती मेणातली बत्तिशी वडिलांच्या तोंडात बसवली, आरसा दिला आणि म्हणाला, काहीही बोला, खूप बोला.

आमच्या घरात एक नियम होता, आणि दिल्लीतल्या बहुतेक मराठी घरांत असावा. उंबरठ्याबाहेर हिंदी. परक्या माणसासमोर आपसांतही मराठीत बोलायचं नाही, कारण त्याला वाटतं आपण त्याच्याबद्दलच बोलतोय. हा नियम वडिलांनी बसमध्ये, बाजारात, एकदा तर चोरी झाल्यावर पोलीस चौकीतसुद्धा पाळला होता. ते डॉक्टरशी हिंदीत बोलले. हवेबद्दल बोलले, रस्त्यांबद्दल बोलले, सरकारबद्दल जपून बोलले. डॉक्टरनं इंग्रजी आकडे म्हणायला सांगितले, ते म्हटले. मग त्यांनी मला विचारलं, “ठीक लग रहा है?” आणि मी वडिलांना म्हणालो, “बिल्कुल ठीक।” परक्यासमोर होतो ना.

हिंदीत खरंच बिल्कुल ठीक होतं. एकही अक्षर घसरत नव्हतं. डॉक्टरनं एक दात किंचित वळवला, आम्ही तिघांनी समाधान व्यक्त केलं आणि मेण पक्कं व्हायला गेलं.

नवे दात घालून घरी आलो. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. वडील हात धुऊन आले आणि म्हणाले, “जरा चमचा दे.”

शिट्टी वाजली. ‘जरा’ला एक, ‘चमचा’ला दोन. आपल्या ‘चमचा’तला च हिंदीत नसतो, तो बोलायला जीभ वरच्या दातांच्या मागे टेकवून हवा घासून सोडावी लागते, आणि तिथे जागा उरली नव्हती. आईनं मान वळवून डोळ्यांच्या कडेनं बघायचा प्रयत्न केला आणि मला विचारलं, “कोण आलंय तुझ्याबरोबर?”

दुपारी वडिलांनी पेपर उघडला. चौकशी, जागा, चूक, वाजता, माझा: मराठी पेपर या अक्षरांशिवाय निघत नाही हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. जळगावच्या नगरपालिकेपर्यंत ते कसेबसे पोचले. आई म्हणाली, “राहू द्या आता. दमलात.” ते दमले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर घडी न मोडता तिच्या मांडीवर ठेवला आणि ती तो तसाच हातात धरून तासभर बसली.

क्लिनिकमध्ये परत गेलो. डॉक्टर म्हणाला, “थोड़ा टाइम दीजिए, ज़ुबान सीख जाएगी।” वडील बाहेर आल्यावर म्हणाले, “या वयात जीभ काही शिकत नाही. विसरते फक्त.” तरी त्यांनी टाइम दिला. मोठ्यानं ‘चमचा, चमचा’ म्हणत ते बाल्कनीत फेऱ्या मारायचे. खालचा पहारेकरी दोनदा वर बघून गेला.

पुढच्या खेपेला मी मराठी पेपरच बरोबर नेला. नियम मोडायचा असं ठरवून गेलो होतो. खुर्ची सरळ केली, वडिलांना चष्मा दिला, आणि म्हणालो, बाबा, वाचा. त्यांनी डॉक्टरकडे बघून क्षमा मागितल्यासारखं केलं आणि वाचायला लागले. सोलापुरातला जलवाहिनीचा प्रश्न होता. डॉक्टर, दोन नर्सेस आणि काउंटरवरची मुलगी असे सगळे हात जोडावेत की काय अशा चेहऱ्यानं उभे राहून ऐकत होते. शिट्ट्या वाजत होत्या. वाचून झाल्यावर डॉक्टर म्हणाला, “बहुत सुंदर, अंकल। इसमें प्रॉब्लम क्या है?”

मी प्रॉब्लम म्हणून दाखवायला गेलो. माझा च त्याला वडिलांच्या चपेक्षा वेगळा वाटेना. वेगळा नसणारच, मी सरोजिनी नगरचा. चुकीचा आणि बरोबर यांतला फरक जिला सांगता आला असता ती घरी पेपर मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिला क्लिनिकच्या इमारतीतली काचेची लिफ्ट सोसत नसे. डॉक्टरनं सद्भावनेनं दातांच्या मागून थोडं घासलं. मग आणखी थोडं. च तसाच राहिला आणि फ बिघडला.

त्यानंतर गेलो तेव्हा दुसरा डॉक्टर होता. पहिला आणखी मोठ्या क्लिनिकमध्ये गेला होता. नव्यानं पडद्यावर जबडा उलगडला, काम उत्तम झालेलं आहे असं सांगितलं आणि हवं तर सगळं पहिल्यापासून करू म्हणाला. पहिल्यापासून म्हणताच वडिलांनी खुर्चीतूनच त्याला नमस्कार केला. परतताना गाडीत टोल नाक्याशी ते म्हणाले, “आधीचा डॉक्टर कुठला आहे ते मी पहिल्याच दिवशी तुझ्याकडे बघून सांगितलं होतं.”

एका दुपारी वीज गेलेली आणि जनरेटर अजून सुरू व्हायचा होता, म्हणून घर शांत होतं. आतल्या खोलीतून वाचण्याचा आवाज आला. मी दारात जाऊन पाहिलं. स्टीलच्या वाटीत पाण्यात वर-खालची बत्तिशी ठेवलेली, आणि बोळक्या तोंडानं वडील वाचत होते. अक्षरं मऊ झाली होती, भात जास्त शिजल्यासारखी, पण शिट्टी नव्हती आणि कुठे थांबायचं ते सगळं जागच्या जागी होतं. एक शब्द त्यांना दुसऱ्यांदा म्हणावा लागला. आई म्हणाली, “कळलं हो. मला चावायचं नाहीये ते.” मग थोड्या वेळानं, “आता ओळखू आलात.”

तेव्हापासून तशीच व्यवस्था लागली. दात बाहेर बोलायचे. बँक, डॉक्टर, खालचा भाजीवाला, सोसायटीची मीटिंग यांच्यासाठी वडील बत्तिशी घालून जात आणि सुरेख हिंदी बोलून येत. सोसायटीत त्यांच्या हसण्याचं कौतुक होतं. घरी आले की चप्पल दाराशी, दात वाटीत, आणि मराठी सुरू. सफरचंद ते किसूनच खात.

काही वर्षांनी एका हिवाळ्यात ते गेले. धुक्यामुळे नातेवाइकांची विमानं अडकली होती, आणि घरात आई, शेजारच्या बायका आणि मी. अंघोळ घालून झाल्यावर शेजारच्या आंटींना स्वयंपाकघरात ती वाटी दिसली. चेहरा भरलेला दिसेल, घालायचे का, असं त्यांनी मला हलक्या आवाजात विचारलं. मी तोच प्रश्न मराठीत आईला विचारला, सगळ्यांसमोर.

आई म्हणाली, “नको. तिथे कुणाशी हिंदी बोलायचंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी घ्यायला मी विद्युतदाहिनीवर गेलो. तिथल्या माणसानं ट्रे पुढे ओढला, राख चाळली आणि त्यातून दोन बारीक स्क्रू उचलले. उजेडात धरून नीट पाहिले, मशीनचेच असणार म्हणाला, आणि खिशात टाकले.