शिबिरकाका आणि गच्चीवरचा मुळा

शिबिरकाकांना माणूस दिसत नसे, शिबिरार्थी दिसे. तुम्ही दुधाची पिशवी घेऊन जिना चढत असा आणि काका उतरत असोत, ते मधल्या पायरीवर थांबणार, चष्म्याच्या वरून तुमच्याकडे बघणार आणि तुमच्यात नेमकं काय कमी आहे ते ठरवणार. "शुभांगी, तू खांदे पाडून चालतेस. गुरुवारी ये." गुरुवारी कुटुंबस्वास्थ्य असायचं. समोर एखादा कॉलेजातला मुलगा असला तर त्याला रविवारचं युवक विकास. आणि ज्याच्यात काहीच खोट सापडत नसे अशा दुर्मिळ माणसाला काका गच्चीवर माती कालवायला बोलावत. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांच्या तावडीतून फक्त मांजरं सुटली होती, आणि तीही वाफे उकरतात म्हणून काकांनीच हाकलल्यामुळे.

त्यांचं खरं आडनाव परब. नोकरी सरकारी शेती खात्यात. पण शेतीशी संबंध इतकाच, की शेतकऱ्यांसाठीची माहितीपत्रकं छापून आली की त्यांचे गठ्ठे बांधून जिल्ह्याजिल्ह्याला पाठवायचे. गठ्ठे बांधता बांधता काकांनी ती सगळी वाचून काढली. कांद्यावरचा करपा, आंब्यावरचा तुडतुडा, भातावरचा खोडकिडा, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. प्रत्यक्षात तुडतुडा समोर येऊन बसला असता तर त्यांनी तो डास समजून मारला असता, ही गोष्ट वेगळी. निवृत्त झाल्यावर लोक गावचं घर दुरुस्त करतात, नाहीतर गुडघे. काकांनी आमच्या गच्चीवर ‘माती, मुलं, माणसं’ नावाचं केंद्र काढलं. केंद्र म्हणजे एक फळा, एक झारी आणि काका.

पत्रकांची भाषा त्यांच्या जिभेवर कायमची वस्तीला आली होती. "सदर भेंडीस सायंकाळी पाणी देण्यात यावे," असं ते पोरांना सांगत. घरीही सुटका नव्हती. "सदर आमटीत मीठ कमी आढळले आहे," असं ते जेवताना जाहीर करत. काकू शांतपणे म्हणत, "आढळला तर घालून घेवा." काकूंच्या उत्तरांना काकांच्या पत्रकांत कुठेही उपाय दिलेला नव्हता.

गुरुवारच्या कुटुंबस्वास्थ्याचा मुख्य नियम असा, की रोज रात्री टीव्ही बंद करून सगळ्या कुटुंबानं एकत्र बसावं. आमची खोली म्हणजे पाय पसरले तर दुसऱ्याच्या ताटाला लागतील एवढी. आम्ही जन्मापासून एकत्रच बसलेले होतो आणि आमचे जे काही आजार होते ते त्यामुळेच होते. पण काकांपुढे हे कोण बोलणार? आम्ही माना डोलवायचो. स्वतः काकू त्या वेळी पेडणेकरमामींच्या खोलीत मालिका बघायला गेलेल्या असत. काका फळ्यावर ‘संवाद’ असं मोठ्या अक्षरांत लिहीत तेव्हा खालून दोघींच्या हसण्याचा आवाज येई. तेवढ्यापुरता का होईना, चाळीत संवाद चालू असे.

युवक विकासाला पोरं येत, कारण गच्चीवर मोबाइलला रेंज चांगली मिळे. काका ध्येयावर बोलत आणि पोरं आपापल्या ध्येयाला मेसेज करत. काकांना ते दिसत नसेल असं नाही. पण समोर बसलेला माणूस ऐकत नाही म्हणून बोलणं थांबवावं, असं सरकारी नोकरीत त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

खरी अडचण होती मातीची. लालबागमध्ये सगळं मिळतं, मसाला मिळतो, चिवडा मिळतो, पण माती मिळत नाही. नर्सरीतून विकत आणायला काका तयार नव्हते. माती विकत घेणं म्हणजे त्यांच्या मते आई विकत घेण्यासारखं होतं. मग एका गणपतीत त्यांना युक्ती सुचली. आमच्या चाळीत बहुतेक घरी शाडूचा गणपती येतो. हल्ली उत्तरपूजा झाली की मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करतात. मूर्ती विरघळते, आणि मग त्या बादलीतल्या गाळाचं काय करायचं, हा प्रश्न घरात कुणीच मोठ्यानं विचारत नाही. तो गाळ काकांनी मागून घेतला. लोकांनीही आनंदानं दिला, कारण पुण्य आणि साफसफाई एकाच फेरीत होत होती.

इथेच काकांनी स्वतःचा घात केला. माती देताना लोकांच्या मनाला लागू नये म्हणून त्यांनी एक घोषवाक्य तयार केलं: ‘बाप्पा जात नाही, भाजी होऊन परत येतो.’ ते त्यांनी फळ्यावर लिहिलं, जिन्यात चिकटवलं, आणि चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी, सूर्योदयाच्या चित्रासकट, पाठवलं. आयुष्यभर त्यांचं एक वाक्य कुणी मनावर घेतलं नव्हतं. हे नेमकं सगळ्यांनी घेतलं.

चाळीचे सेक्रेटरी चव्हाण यांचा गच्चीवर वेगळा डोळा होता. त्यांना तिथे मंडळाच्या सजावटीचं सामान ठेवायला शेड हवी होती. कमिटीत ठरलं, की दिवाळीपर्यंत वाट बघायची. तोवर चाळीतली घरं गच्चीवरची भाजी खायला लागली तर गच्ची काकांकडे, नाहीतर शेड. काका खूश झाले. भाजी येणार याची त्यांना खात्री होती, आणि भाजी आली की लोक खाणारच, नाहीतर तिचं दुसरं करतात काय? जन्मभर दुसऱ्यांच्या पिकांचे गठ्ठे बांधलेल्या त्या माणसाला एवढंच हवं होतं, की आपण पिकवलेलं कुणीतरी ताटात घेऊन खावं. त्याबाबतीत मात्र माझी थट्टा चालत नसे. मी एकदा केली, तर ते झारी उचलून वाफ्यांकडे निघून गेले.

आणि मुळा आला! पांढराशुभ्र, दांडगा, पानांचा हिरवा झुपका मिरवणारा. काकांनी पहिली जुडी मोठ्या मानानं पेडणेकरमामींना दिली. मामींनी वरळी कोळीवाड्यातून आणलेला जवळा, म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी, फोडणीत टाकला आणि वर मुळा परतला. आमच्याकडे मुळा असाच करतात. वास खालपासून वरपर्यंत गेला, आणि वासाबरोबर बातमीही गेली. अर्ध्या तासात मामींच्या दाराशी गर्दी.

"बाप्पाच्या मातीतला मुळा, आणि त्यात जवळा?" चव्हाणांनी आवाज लावला.

मामी डावाची दांडी हातात घेऊनच बाहेर आल्या. "मगे कसो करतत मुळो? साखर घालून?"

पण शंका पडली ती पडलीच. भाजी होऊन बाप्पाच परत आला असेल तर त्यात मासळी घालायची कशी? बरं, नुसता मुळा खायचा तर त्याची देठं कचऱ्याच्या डब्यात कशी टाकायची? एकीनं तर पानं धुतलेलं पाणी मोरीत सोडायचं की तुळशीत, असं विचारलं. मामींनी रागानं ती भाजी झाकून ठेवली, ती त्या दिवशी त्यांच्याही घशाखाली उतरली नाही. त्यानंतर लोक गच्चीवर येत, मुळ्याला हात जोडत आणि रिकाम्या हातानं खाली जात. काका जुड्या बांधून दारोदार फिरले. लोकांनी जुड्या कपाळाला लावल्या आणि परत दिल्या. जगात इतका मान मिळालेला आणि इतका उपाशी ठेवलेला दुसरा शेतकरी मी पाहिलेला नाही.

दिवाळीनंतर मीटिंग भरली. काकांनी आपल्या बाजूनं गिरगावातल्या भटजींना फोन लावून तो स्पीकरवर ठेवला. भटजी म्हणाले, "उत्तरपूजा झाली, अक्षता टाकल्या, की देवत्व गेलं. उरते ती माती." काकांचा चेहरा खुलला. भटजी पुढे म्हणाले, "पण लोकांची भावना असेल तर भावना मोठी." चव्हाणांचा चेहरा खुलला. पुढच्या वर्षीही दोन्ही पक्षांकडून दक्षिणा चालू राहील याची व्यवस्था करून भटजींनी फोन ठेवला.

हात वर झाले. माझा आणि मामींचा हात काकांच्या बाजूनं होता, आणखी एखाद-दुसरा. बाकी सगळी चाळ शेडकडे. काका उठले. मला वाटलं, आता सदर निर्णयाविषयी काहीतरी येणार. पण ते पत्रकांची भाषा विसरले आणि गावच्या भाषेत एवढंच म्हणाले, "निदान एकान तरी खावक व्हया होता रे." कुणी वर बघितलं नाही. मला त्या क्षणी सगळ्या चाळीचा राग आला, आणि काकांचाही आला, की माणसानं इतकं साधं काही मागावं आणि तेही या लोकांकडे.

गच्ची मोकळी करायला माणसं आली. माती डेब्रिजच्या गाडीत टाकतो म्हणाली, आणि चाळ पुन्हा हादरली. बाप्पाची माती डेब्रिजमध्ये? चव्हाणांनाही घाम फुटला. शेडच्या पायाखाली असलं पाप त्यांना नको होतं. मग चौपाटीवर नेऊन विसर्जन करायचं ठरलं. तेव्हा काकांनी नम्रपणे सांगितलं, की सदर मातीत खत म्हणून चाळीतल्याच ओल्या कचऱ्यातली कांद्याची सालं आणि अंड्यांची टरफलं मिसळण्यात आलेली आहेत. ती घेऊन ‘मोरया’ म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

मामी उसळल्या. "टरफलां होती तर आधी नाय सांगाक? माझो जवळो उगाच बदनाम केलात!"

समुद्रात नेता येत नाही, फेकता येत नाही, गच्चीवर ठेवता येत नाही. शेवटी काकांनीच तोड सुचवली: ज्याचा त्याचा बाप्पा ज्यानं त्यानं घरी न्यावा. आता सगळे बाप्पा एकमेकांत कालवले गेले होते, त्यामुळे कुणाच्या वाट्याला कुणाचा आला हे देवच जाणे. पोरांनी रंगाचे रिकामे डबे, फुटके टब, कापलेले ड्रम गोळा केले, माती भरली आणि प्रत्येक गॅलरीत कठड्याला लावून ठेवली. इतक्या वर्षांच्या युवक विकासानंतर त्या दिवशी पोरं पहिल्यांदा कामाला लागली, आणि तीही मोबाइल खिशात ठेवून. काका इतके हरखून वाटत सुटले, की स्वतःच्या दारात डबा ठेवायचंच राहून गेलं. काकूंनी विचारलं, "आणि आमका?" काकांनी हात झटकले. माती संपली होती.

आता मातीचा डबा दारात रिकामा ठेवणं बरं दिसत नाही. कुणी मेथी टाकली, कुणी मिरची, बऱ्याच जणांनी मुळाच लावला. काकांना घरोघरी जायला हक्काचं निमित्त मिळालं. गच्ची गेली, तर गच्चीवर कधी न फिरकलेली माणसं आता दारातूनच विचारत, काका, पानं पिवळी का पडतात? काका उत्तर देत. बहुधा चुकीचं देत. पण मुळा काही पत्रकं वाचत नसल्यामुळे वाढत राहिला.

एका रविवारी दुपारी काका गॅलऱ्यांची पाहणी करत होते, मी त्यांच्या तावडीत सापडून मागे मागे चालले होते. चव्हाणांच्या दारापाशी काका एकदम थांबले. आतून मुळ्याचा वास येत होता, आणि त्यात जवळाही होता, नाकाला साक्षीदार लागत नाही. चाळीची भावना मीटिंगमध्ये मोठी असते. स्वतःच्या उंबऱ्याआड, दार लोटून घेतल्यावर, ती बरीच मवाळ होते. चव्हाण हात धुवायला बाहेर आले आणि आम्हाला बघून जागच्या जागी उभे राहिले. मग तोंडावर आलेलं सगळं गिळून म्हणाले, "काका... जेवायला या."

काका आत गेले, पाटावर बसले. चव्हाणांनी स्वतः वाढलं. काकांनी एक घास खाल्ला, चावला, आणि म्हणाले, "मुळा जून झाला. आठवडाभर आधी काढायला हवा होता." मग ताट पुढे करून आणखी मागितला. डोळे पुसायला त्यांनी तिखटाचं कारण पुढे केलं. भाजी अजिबात तिखट नव्हती, मी खाल्ली आहे.

त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ‘श्वास पोटातून घ्या’ म्हणून शिकवत होते, तेवढ्यात त्यांचा स्वतःचा अडकला. माणसं बोलली, काय मिळवलं एवढ्या खटाटोपानं? बोलोत. मी अजून खांदे पाडूनच चालते, आणि जिन्यात मधल्या पायरीवर कुणी मला अडवत नाही याचं मला वाईट वाटतं.

काका गेले त्या वर्षी त्यांच्या घरी गणपती आला नाही. यंदा आला, दीड दिवसाचा. उत्तरपूजा झाली, मूर्ती बादलीत विरली. चाळीतल्या सगळ्यांनी आपापल्या बादल्या आपापल्या दारातल्या कुंडीत ओतल्या; आता हे कुणाला सांगावं लागत नाही. काकू मात्र भरलेली बादली धरून गॅलरीत उभ्याच राहिल्या. त्यांच्या दारात गाळ ओतायला डबाच नव्हता. त्या बादली खाली ठेवीनात.

पलीकडून चव्हाण आले. त्यांनी काकूंच्या हातातली बादली घेतली, आपल्या दारातल्या ड्रमात हळूहळू रिकामी केली, तळाला चिकटलेला गाळ पाणी घालून विसळला आणि तोही त्यातच ओतला. मग ओल्या हातांनी तसेच उभे राहून त्यांनी विचारलं, "काकू, काय लावू?"

"मुळोच लाव," काकू म्हणाल्या.