मी पोलिसाला सांगितलं, ताई धंदा करते

मंगळवारी सकाळी इकडे हिंदी मुलखात, ब्राह्मणपाऱ्यात, आमच्या दारात पोलीस उभा राहिला आणि मी खुर्चीवरून ताडकन उठलो. तो फक्त भाडेकरूंची माहिती लिहायला आला होता... पण पोलीस दिसला की मला भीतीच वाटते. शिक्षण सातवीपर्यंत, सगळी नोकरी रेल्वेत. साहेब आला की उठून उभं राहायचं, एवढंच शिकलो.

आमच्या वरच्या खोलीत एक ताई राहते. अमरावतीकडची, नवऱ्याने टाकलेली, मुलगी आठवीत. डबे करून विकते. हाताला चव अशी की ऑफिसमधली पोरं स्वतः डबा न्यायला येतात.

आमच्या घरात पहिल्यापासून दोनच गोष्टी, नोकरी नाहीतर धंदा. त्यामुळे पोलिसाने विचारलं, "ऊपर कौन रहता है, क्या काम?" तेव्हा मी माझ्या हिंदीत सांगून टाकलं, "एक बाई है, अकेली. धंधा करती है."

त्याचं पेन थांबलं. "धंधा? यहीं, घर में?"

"हव, घर में ही. सुबह-शाम लड़के लोग आते हैं. बहुत नाम है उसका. मैंने ही बोला, बिनधास्त करो." ...मी कौतुक करत होतो हो!

त्याने काहीतरी लिहिलं आणि गेला. मला वाटलं, सुटलो.

दुपारी दोन महिला पोलीस आल्या. ताईचे हात कणकेने भरलेले होते, तशीच तिला गाडीत बसवली. सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, दारांत उभा होता. समोरच्या घरातून आवाज आला, "हमको तो पहले से शक था." पहले से! परवापर्यंत तिच्याच हातची चटणी मागून नेत होते...

गाडीतून ताई ओरडली, "काका, काय सांगतलं तुमी त्यायले?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदीत बाईमाणसाच्या नावापुढे तो शब्द लावला की त्याचा एकच अर्थ होतो. आपल्याकडेही होतो म्हणा... पण माझ्या तोंडात तो शब्द दुकानाचा होता.

बायकोला म्हटलं, तिची मुलगी शाळेतून आली की आपल्याकडेच ठेव, दाराबाहेर सोडू नको. बीपीची गोळी खिशात टाकली आणि रिक्षाने ठाण्यावर गेलो. रस्ताभर एकच भीती... ताईला आता ही खोली सोडावी लागेल आणि दुसरी कोणी देणार नाही.

ठाण्यात शिरताच ओरडलो, "साहब, धंधा मतलब टिफिन! टिफिन का धंधा!" मग सगळं ठाणं हसलं. साहेब म्हणाले, "दादाजी, बिज़नेस बोलना था ना!"

ताई हसली नाही. ती रजिस्टरकडे बघत होती. हवालदाराने तिच्या नावावर एक रेघ मारली. रेघेखालून नाव स्वच्छ वाचता येत होतं. मी म्हटलं, "पूरा मिटा दो ना भैया." तो म्हणाला, "सरकारी रजिस्टर है. मिटता नहीं, कटता है."

कागदावर सही करायला थांबवलं म्हणून मी बाकावर बसलो. शेजारी एक बाई होती. चाळिशीची, साधी साडी, मांडीवर पिशवी. कुठल्याशा लॉजवरून आणलेली. ती खरोखरच तो धंदा करणारी आहे हे हवालदाराच्या बोलण्यावरून कळलं आणि मी थोडा सरकून बसलो... खोटं कशाला लिहू.

ती म्हणाली, "डरिए मत बाबूजी, चिपकता नहीं है."

मला लाज वाटली. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी तिला तेलीबांधा तलावाची गोष्ट सांगितली. तलावावर सकाळी आम्हा म्हाताऱ्यांचा या विषयावर वाद होतो. मी एकटा म्हणतो, हे काम कायदेशीर करा, सरकारने नावं लिहावी, कार्ड द्यावं, तपासणी करावी... म्हणजे पोलिसांचाही त्रास नाही आणि गुंडांचाही नाही. बाकीचे नाकं मुरडतात. मला वाटायचं, मी फार पुढारलेला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कार्ड पर क्या लिखेंगे, बाबूजी?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"और कल को छोड़ दूँगी, तब? मिटेगा, कि ऐसे ही लकीर मारेंगे?" तिने हनुवटीने रजिस्टर दाखवलं. "पकड़ना बंद कर दें, बस. कोई मारे तो हमारी रिपोर्ट लिख लें. हमारा नाम क्यों चाहिए?"

इतकी वर्षं मी ज्याला उपाय समजत होतो, तो नेमका त्या रजिस्टरसारखा दिसत होता. या बायकांना पकडू नये हे मी अजूनही म्हणेन, आता जास्त जोरात म्हणेन. पण "नाव लिहा" एवढं आता म्हणवत नाही.

ताईला घेऊन परत आलो तेव्हा पाऱ्यातल्या प्रत्येक दारात जाऊन "टिफिन, टिफिन" सांगत फिरलो. काही हसले, काहींनी मान हलवली. समोरच्यांनी अजून दार उघडलेलं नाही... त्या रात्री मला झोप नाही.

बुधवारी सकाळी ताई रोजच्यासारखी डबा घेऊन खाली आली. म्हणाली, "काका, आता कोनी काही विचारलं त तुमी बोलू नका. मले आवाज द्या." मी हव म्हटलं. ती खोली सोडत नाहीये, याबद्दल देवाचे आणि तिचे, दोघांचेही आभार.

या पोस्टमध्ये ताईचं नाव लिहिलेलं नाही. बाकावरच्या त्या बाईचं तर मी विचारलंच नाही. विचारलं असतं, तर माझ्या सवयीने सांगून बसलो असतो... बरं झालं.