शाल, श्रीफळ आणि सतरा खोल्या

आमच्या थेरगावच्या हास्यक्लबाचे अध्यक्ष पहिल्यांदा परदेशी निघाले, तेव्हा त्यांच्या बॅगेत कपड्यांखाली तीन शाली, दोन बांधून तयार फेटे आणि पाच नारळ होते. नारळ विमानतळावर काढून ठेवावे लागले. बाकीचा ऐवज सुखरूप सिंगापूरला पोचला आणि तिथून आमच्याबरोबर चार रात्रींच्या क्रूझवर चढला. सत्कार कोणाचा करायचा हे अजून ठरलेलं नव्हतं, पण आमच्याकडे तो प्रश्न नंतरचा. आधी शाल घ्यायची, मग खांदा शोधायचा.

अध्यक्ष मूळचे गाववाले. चाकणच्या बाजूला त्यांची जमीन होती, तिच्यावर आता गोदामं उभी आहेत आणि भाडं घरबसल्या येतं. मी जालन्याकडून पोट भरायला आलेला माणूस. तीस वर्षं एका कंपनीत मेंटेनन्स फिटर होतो. रिटायर झाल्यावर रोज सकाळी बागेत जाऊन हात वर करून हा हा हा करायला लागलो आणि अक्षर चांगलं म्हणून क्लबाचा चिटणीस झालो. चांगल्या अक्षराचा तोटा काय असतो ते तेव्हा माहीत नव्हतं.

निघायच्या आधी ट्रॅव्हलवाल्या बाईंनी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्हाला सगळं नीट समजावलं होतं. बोटीवर खिशातून पैसे काढायचे नाहीत, एक कार्ड मिळतं, सगळा खर्च त्यावर चढतो. टिपही त्यावरच, रोज, माणशी, आपोआप लागते. खोली आवरणारा, ताटं उचलणारा, आत कोणाला न दिसता भांडी घासणारा, अशा सगळ्यांत ती वाटली जाते. "त्यांचा मूळ पगार अगदी कमी असतो काका, टिप हाच त्यांचा खरा पगार," बाई म्हणाल्या. त्याउपर कोणाचं काम फारच आवडलं, तर शेवटच्या दिवशी त्याच्या हातात पाकीट द्यायचं. इतकं बोलून बाई थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण स्वभावानं प्रामाणिक, म्हणून पुढे बोलल्या की सेवेबद्दल तक्रार असेल तर रिसेप्शनवर फॉर्म भरून ही टिप काढूनही टाकता येते.

पाऊण तासाच्या भाषणातलं हे शेवटचं वाक्य आमच्या चौतीस जणांना एका दमात पाठ झालं.

"काढता येती म्हंजी सक्तीची न्हाई," अध्यक्षांनी तिथल्या तिथे निकाल दिला.

आम्ही कंजूष आहोत असं कोणी समजू नये. आम्ही देतो. दिवाळीला वॉचमनला पोस्त देतो, आणि देताना वर्षभराचे त्याचे अपराध मोजून दाखवतो. डांगे चौकातल्या हॉटेलात बिल भागवलं की बडीशेपेच्या ताटलीत सुटे ठेवतो आणि मूठभर बडीशेप उचलून त्याची वसुली करतो. कचेरीत मात्र चहापाणी द्यायची वेळ आली की आमचा हात सढळ होतो. तिथे काम व्हायच्या आधी देतो, हसून देतो, पावती मागत नाही, आणि काम नाही झालं तर पुन्हा देतो. ज्यानं काम अडवलं त्याला द्यायचं आणि ज्यानं केलं त्याच्याशी घासाघीस करायची, ही आमची रीत. ती आम्ही बोटीवरही घेऊन गेलो.

बोटीवर आमच्या सतरा खोल्या एका ओळीत होत्या आणि त्या सगळ्या एकच माणूस आवरायचा. चाळिशीचा, सडपातळ, सतत घाईत पण कधी धापा न टाकणारा. पहिल्या दिवशी आम्ही जेवून आलो तर पलंगावर टॉवेलाचा हत्ती. सोंड, कान, सगळं. बायकोनं त्याचे सहा फोटो काढले आणि अंग पुसायला माझा पंचा वापरला, हत्ती मोडायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी ती त्याला हिंदीत काहीतरी सांगायला लागली, तर तो म्हणाला, "काकू, मराठीत बोला वो. मी गुहागरकडचा."

झालं. अर्ध्या तासात सतराही खोल्यांना ही बातमी कळली. आपला माणूस! समुद्राच्या मधोमध! ज्यांनी आदल्या दिवशी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं, ते आता त्याच्या खांद्यावर हात टाकायला लागले. आपला माणूस निघाल्याचा पहिला परिणाम म्हणजे त्याचं काम वाढलं. कोणाला जादा उशी, कोणाला गरम पाण्याचा थर्मास, कोणाला चिवड्याचा डबा उघडायला चमचा. परक्याला सांगायला जीभ अडखळते, आपल्या माणसाला काय लाजायचं!

माझं त्याच्याशी जमलं ते यंत्रामुळे. मी फिटर होतो हे कळल्यावर त्यानं खिशातून फोन काढून एका मिरची कांडप मशीनचा फोटो दाखवला. त्याच्या गावात कांडप नव्हतं, बायामाणसांना मसाल्यासाठी तालुक्याला जावं लागे. त्याला ते घ्यायचं होतं. घेतलं की बोटीला रामराम.

"या काँट्रॅक्टला तेवढं जमतंय बघा काका," तो म्हणाला. "पगार घरी जातो, तो खर्चाला लागतो. यंत्राचं ते टिपेतलं. जमलं तर पुढल्या महिन्यात घरी. नाय जमलं तर अजून नऊ महिने."

त्याची मुलगी दुसरीत होती. बालवाडीत सोडायला तो होता, त्यानंतर शाळेच्या दाराशी एकदाही नाही. नऊ महिने म्हणजे आणखी एक इयत्ता.

मी त्याला कागदावर मोटर आणि पट्ट्याचं चित्र काढून दिलं. नवं घेऊ नको, भोसरीत जुनं चांगलं मिळतं, मी स्वतः बघून देईन, असंही सांगितलं. असं सांगायला पैसे पडत नाहीत. त्यानं तो कागद चार घड्या करून पाकिटात ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी डेकवर बैठक घेतली. खेळते वारे, निळं पाणी, आणि विषय एकच. कार्डावर रोज टिप चढते आहे.

"आपल्या मानसाला टिप द्यायची म्हंजी त्येचा अपमानच की राव," अध्यक्ष म्हणाले. "घरच्या पोराला कुनी टिप देतं व्हय? आमी त्येचा सत्कार करू. शाल हाय, फेटा हाय. मानूस जल्मभर याद ठेवंल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या डोक्यात कांडप मशीन होतं, पाकिटातला तो कागद होता, आणि तरी माझे हात टाळ्या वाजवत होते. सोळा घरं एकीकडे असताना आपण एकट्यानं कशाला शहाणपण दाखवायचं, असं मला वाटलं. शिवाय खरं सांगायचं तर वाचणारी रक्कम मलाही आवडली होती.

फॉर्म भरायचं काम अर्थातच चिटणिसाकडे आलं. सतरा फॉर्म, सतरा सह्या. पंचाईत एका रकान्याची झाली. सेवेत काय कमी होतं ते लिहा, असं त्यात होतं. मी अध्यक्षांना विचारलं. त्यांच्या खोलीतला थर्मास तो माणूस दिवसातून चारदा भरून देत होता.

"काय कमी न्हाई म्हनून लिवा," ते म्हणाले.

मी सतराही फॉर्मांवर इंग्रजीत सुवाच्य अक्षरात लिहिलं की तक्रार नाही, सेवा एक्सलंट. रिसेप्शनवरच्या मुलीनं पहिला फॉर्म वाचला, दुसरा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. रोजचा सराव आहे.

सत्कार दुपारी चार वाजता, मधल्या मोठ्या जिन्यावर. त्याच्या साहेबाकडून आम्ही पाच मिनिटं मागून घेतली होती, ती पंचवीस झाली. नारळाचं काय करायचं हा प्रश्न होता, पण अध्यक्ष माघार घेणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी पोहण्याच्या तलावाजवळच्या काउंटरवरून एक शहाळं आणलं, वरून कापलेलं, नळी खोचलेलं. ते त्यांच्या कार्डावर चढलं आणि तिथल्या प्रत्येक बिलात टिप आधीच मिळवलेली असल्यामुळे त्या संपूर्ण सोहळ्यात टिप मिळाली ती फक्त शहाळं कापणाऱ्याला. ही गोष्ट मी अध्यक्षांना आजतागायत सांगितलेली नाही.

त्याच्या डोक्यावर फेटा चढवला. तो जरा मोठा होता, कपाळावर घसरत होता. खांद्यावर शाल, हातात शहाळं. भाषण मी लिहिलं होतं. त्यात 'सातासमुद्रापार' दोनदा आणि 'आपण सगळे एक कुटुंब' तीनदा आलं होतं. तो हात जोडून उभा होता, आणि मधून मधून त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. अजून नऊ खोल्या आवरायच्या राहिल्या होत्या, आमच्याच.

'कुटुंब' हा शब्द वाचताना माझी जीभ जड झाली. का झाली ते सांगतो. अशी एक शाल माझ्याही कपाटात आहे. एकदा कंपनीतला मोठा प्रेस बंद पडला, तेव्हा आम्ही तिघांनी सलग तीन शिफ्ट उभं राहून तो चालू केला. ओव्हरटाइमचं विचारायला गेलो तर मॅनेजर म्हणाले, "आपण एक कुटुंब आहोत. घरच्या कामाचा कोणी ओव्हरटाइम मागतं का?" पुढच्या सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली आम्हाला शाल मिळाली. घरी आलो तर बायकोनं विचारलं, किती दिले? मी शाल पुढे केली. तिनं दोन बोटांत कापड चोळून पाहिलं आणि म्हणाली, पॉलिस्टर आहे. मी त्या रात्री जेवलो नाही. इतका राग आला होता मला, आणि इतका माझा अपमान झाला होता. तोच मी, तेच भाषण माझ्या चांगल्या अक्षरात लिहून मोठ्यानं वाचत होतो.

शेवटच्या दिवशी सकाळी नाश्ता करून खोलीत आलो. खोली आवरलेली होती, चादर ताणून बसवलेली, आणि पलंगावर हत्ती. या वेळी टॉवेलाचा नव्हता. मरून रंगाचा, सोनेरी काठाचा. शालीचा हत्ती. सोंड वर केलेली, काठ बरोबर कानांवर आलेला. चार दिवसांतला सगळ्यांत देखणा हत्ती होता तो.

"अगंबाई, शाल विसरला वाटतं," बायको म्हणाली.

मी तडक रिसेप्शनकडे पळालो. माझी टिप परत लावा म्हणालो. तिथली मुलगी म्हणाली, खाती बंद झाली सर, तुम्ही आता उतरताय. मग आमच्या दोघांची जेवढी झाली असती तेवढी आणि वर थोडी, अशी जमवून पाकिटात घातली आणि त्याला शोधत गेलो. तो आमच्याच ओळीत ट्रॉलीवर चादरी रचत होता. नवी माणसं दुपारी चढणार होती.

त्यानं पाकीट घेतलं, दोन्ही हातांनी, नीट. "थँक्यू काका. हे तुमचं झालं." मग ओळीतल्या दारांकडे बघत म्हणाला, "काल साहेबानं बोलावलं होतं. सतरा खोल्यांनी टिप काढली, तू केलंस तरी काय, म्हणून. फॉर्म बघितले तर सगळ्यांवर एक्सलंट. साहेब हसायला लागला." तो स्वतः हसला नाही. "अक्षर एकच होतं म्हणाला. छान होतं म्हणाला."

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग, नऊ महिने?"

"बघूया. अजून तीन फेऱ्या आहेत माझ्या." त्यानं ट्रॉली पुढे ढकलली. "त्यात आपली माणसं नसली तर जमेल, काका."

परत आल्यावर आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. सातासमुद्रापार मराठी माणसाचा सन्मान. मध्ये अध्यक्ष, त्यांच्या बाजूला घसरलेल्या फेट्यातला तो, हातात नळीचं शहाळं, आणि खाली गोल चौकटींत आम्ही बाकीचे सगळे. दूध आणायला जाताना मी रोज माझ्याच तोंडाखालून जायचो. त्याचा नंबर माझ्याकडे नाही. यंत्राचं चित्र काढून देणाऱ्याला नंबर घ्यायचं सुचलं नाही, आणि त्यानंही मागितला नाही.

परवा अध्यक्षांचा फोन आला. पुढच्या डिसेंबरात पुन्हा क्रूझ, या वेळी दुबईकडे.

"चिटनीस, ती शाल तुमच्याकं हाय म्हनं. वहिनी आमच्या घरी सांगत व्हत्या. बाकीच्या दोन हिकडं सत्कारात ग्येल्या. मंग आता नवी कशापायी घ्यायची? तीच आना."

"शाल आहे," मी म्हणालो, "पण ती मिळायची नाही. ती माझ्या सत्कारातली आहे."

"तुमच्या? तुमचा सत्कार कुनी क्येला, आन् कवा?"

"बोटीवर. खोली आवरणाऱ्यानं केला," मी म्हणालो. "आणि अध्यक्ष, फॉर्म भरायला आता दुसऱ्या कोणाचं तरी अक्षर बघा."